फ्रिजच्या दारातल्या कुप्या

नेडीन टॉलिव्हरला इन्सुलिनची सुई टोचून घेताना पाहणं म्हणजे एखाद्या बाईला वेणी घालताना पाहण्यासारखं होतं. तिची बडबड थांबायची नाही, समोरच्यावरची नजर हलायची नाही. सदऱ्याची कड जरा वर, सुई आत, सुई बाहेर, आणि "मग तुझ्या त्या जावेने पुढे काय दिवे लावले?" हा प्रश्न मध्ये कुठेही न तुटता पूर्ण व्हायचा. चोविसाव्या वर्षी तिला मधुमेह जडला, इन्सुलिनशिवाय ज्यात दिवस निघत नाही असला. त्याच्यासकट तिने मुलगी वाढवली, शाळेत पोरांना गाणं शिकवलं, म्हातारी झाली. "चाळीस वर्षांत साखरेपायी एकदाही खाटेवर पडले नाही," असं ती सांगायची. दुसरी कुठलीच बढाई मी तिच्या तोंडून कधी ऐकली नाही.

तिच्या नवऱ्याचं नाव रॉईस. जन्मभर ओहायोत शाळेच्या बसगाड्या दुरुस्त केल्या. निवृत्त झाल्यावर त्याने घर विकलं, एक जुनी पण दणकट घरगाडी घेतली आणि बायकोला म्हणाला, "चल, आता देश बघू." नेडीनला घर सोडायचं नव्हतं. मुलगी कोरिन तिकडेच राहते, डॉक्टरही तिकडचाच. शेवटी ती एका अटीवर तयार झाली.

"गाडी तुझी, रस्ता तुझा," ती म्हणाली. "पण माझ्या औषधाचा एकदा जरी खेळखंडोबा झाला ना रॉईस, तर मी विमानात बसून कोरिनकडे जाईन, आणि तू बस वाळवंटात एकटा."

"औषधाची जबाबदारी माझी," तो म्हणाला.

आणि त्याने ती पाळलीही. आम्ही घरगाड्यांत राहणारे चार लोक जमलो की आमचे विषय दोनच: सांडपाणी कुठे सोडायचं आणि औषधं कुठून मिळवायची. टपालाचा पत्ता साउथ डकोटात, डॉक्टर तिसऱ्याच राज्यात, विमा चौथ्या राज्यात चालत नाही, आणि दात दुखला तर सीमा ओलांडून मेक्सिकोत. कुणाच्या रक्तदाबाच्या गोळ्या मागच्या गावच्या पोस्टात पडून असतात आणि माणूस पुढच्या गावात. रॉईसच्या बाबतीत असं कधी झालं नाही. तीन महिन्यांचं इन्सुलिन तो आधीच मागवून घ्यायचा, ज्या गावात पार्सल येणार तिथे दोन दिवस आधीच जाऊन थांबायचा. कुप्या फ्रिजच्या दारात, अंड्यांच्या वरच्या कप्प्यात. तिथे दुसरं काही ठेवायचं नाही, असा त्याचाच नियम होता.

पुढे जे घडलं ते मी काही डोळ्यांनी पाहिलं, उरलेलं मला रॉईसने आणि नेडीनने वेगवेगळं सांगितलं. दोघांच्या सांगण्यात फरक नाही, म्हणून मी ते खरं मानते.

सप्टेंबरच्या अखेरीस ते दोघं लास व्हेगासला नेडीनच्या बहिणीकडे, लोरेनकडे गेले होते. तिच्या वसाहतीत मोठी गाडी लावू देत नाहीत, म्हणून ती शहराबाहेरच्या एका मोकळ्या आवारात लावली. तिथे सावलीला एक झुडूपही नव्हतं. नेडीनने चालू कुपी पर्समध्ये टाकली आणि विचारलं, "बाकीच्या पण घेऊ का लोरेनकडे?"

"कशाला? तिचा फ्रिज आधीच भरलेला असतो. राहू दे इथेच. आपला फ्रिज झकास चालतोय."

फ्रिज गॅसवर चालणारा. आवारात येण्याआधी रॉईसने पंपावर डिझेल भरलं होतं. पंपावर उभं राहायचं तर गॅसचा खटका बंद करावा लागतो, आणि त्याने तो केलाही. तेवढ्यात लोरेनचा फोन आला की केव्हा येताय, जेवण गार होतंय. खटका पुन्हा चालू करायचा राहून गेला. एवढंच घडलं. आमच्यापैकी कुणाच्याही हातून घडलं असतं.

काचा बंद, वर ऊन. तीन-चार दिवसांनी रॉईस एकटाच गाडी आणायला गेला. नेडीन बहिणीला धरून बसली होती, अजून तासभर हवा होता. दार उघडलं तसा आतून भट्टीसारखा झोत आला, आणि मागोमाग नासलेल्या दुधाचा वास. फ्रिजवरचा लाल दिवा पेटलेला. लोण्याचं तेल होऊन खालच्या भाजीवर ओघळलं होतं. दारातल्या कुप्या त्याने हातात घेतल्या. नुकत्याच उकडून काढलेल्या अंड्यांसारख्या गरम होत्या, तो मला म्हणाला. उजेडासमोर धरल्या. आतलं औषध पाण्यासारखं स्वच्छ. ना रंग बदललेला, ना गाळ.

"ते गढूळ झालं असतं ना मॅक्सिन, तर मी सांगितलं असतं," तो म्हणाला. "निदान मला तसं वाटतं."

तिथे उभ्या उभ्या त्याला अट आठवली, विमान आठवलं, कोरिनचा "मी सांगत नव्हते?" असा चेहरा आठवला. त्याने गॅस चालू केला. सगळं नासकं सामान आवारातल्या पिंपात टाकलं, फ्रिज सोड्याने पुसला, वाटेतल्या दुकानातून दूध, लोणी, अंडी, भाजी अगदी त्याच जातीची आणली आणि बर्फाच्या पिशव्या कोंबून फ्रिज गार केला. कुप्या होत्या तिथेच ठेवल्या. त्याही गार झाल्या.

नेडीन आल्यावर फ्रिज उघडून म्हणाली, "नवीन लोणी? आणि दूध पण? न सांगता बाजार करून आलास? आज सूर्य पश्चिमेला उगवला की काय!" आणि तिने त्याच्या गालाचा मुका घेतला.

हे मला सांगताना तो तोच गाल चोळत होता.

मग ते आमच्या तळावर आले. ॲरिझोनाच्या वाळवंटात नदीच्या अलीकडे आमची आठ-दहा गाड्यांची टोळी दर हिवाळ्यात उतरते. ते लवकर आले होते, उकाडा अजून होता. माझी गाडी त्यांच्या शेजारीच. पहिला आठवडा चांगला गेला, कारण पर्समधली चालू कुपी चांगली होती. ती संपली आणि नेडीनने दारातली एक काढली.

दोन-तीन दिवसांत तिची साखर चढायला लागली. तेव्हा दंडाला चिकटवायचं ते साखर मोजणारं यंत्र आजच्यासारखं सगळ्यांकडे नव्हतं. ती बोट टोचून बघायची, आणि आकडा दिसला की ओठ आवळायची. अडीचशे, मग तीनशे. सारखी तहान, सारखं बाथरूम. नेहमी आमच्यात सगळ्यांत आधी उठणारी बाई खुर्चीत बसल्या बसल्या पेंगायला लागली.

"लोरेनने पेकनच्या दाण्यांचा केक केला होता," ती मला गुन्हा कबूल केल्यासारखी म्हणाली. "दोन तुकडे खाल्ले गं. जिभेचे चोचले, दुसरं काय."

"अगं, त्याला पंधरा दिवस झाले. केक काय पोटात घर करून राहतो?"

"मग वय झालं असेल. चाळीस वर्षं मी याला मुठीत ठेवलं, आता हा मला ठेवतोय."

तिने रविवारच्या आमच्या पॅनकेकच्या पंगतीला येणं सोडलं. नुसती उकडलेली अंडी आणि काकडी. रोज सकाळी तळाभोवती दमेपर्यंत चालायची आणि परत येऊन बोट टोचायची. आकडा तोच. एकदा मी तिला गाडीच्या बाजूच्या आरशात स्वतःकडे बघताना पाहिलं. परक्या बाईकडे बघावं तशी बघत होती. रॉईस मागून आला, त्याने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "होतं असं. नको वाईट वाटून घेऊ." तेव्हा मला वाटलं, नवरा असावा तर असा.

जवळच्या गावात नवीन पेशंटला डॉक्टरची वेळ मिळायला महिना लागत होता, आणि तिचा विमा त्या डॉक्टरला चालत होता की नाही हेही कुणी धड सांगेना. म्हणून तिने ओहायोतल्या आपल्या डॉक्टरकडे फोन लावला. मी तिथेच होते, तिच्यासाठी काकड्या घेऊन गेले होते. तिच्या हातात सुई होती म्हणून फोन टेबलावर ठेवून मोठ्या आवाजात लावला होता. रॉईस समोर बसून कपाटाच्या बिजागरीचा स्क्रू पिळत होता.

पलीकडची नर्स जुनी ओळखीची. तिने सगळं विचारलं: ताप, लघवीची जळजळ, पायाला जखम, खाणं. मग म्हणाली, "नेडीन, औषध कुठे उन्हात-बिन्हात तापलं नाही ना? तुम्ही गाडीत राहता म्हणून विचारते."

"छे गं!" नेडीन हसली. "माझा नवरा त्या फ्रिजला पोटच्या पोरासारखा जपतो."

रॉईसने मान वर केली नाही. स्क्रू बसला होता, तरी तो पिळतच राहिला. लाकूड कराकरा वाजलं तसं नेडीन म्हणाली, "अरे बास, फाडशील ते!"

नर्सने डॉक्टरांना विचारून मात्रा थोडी वाढवायला सांगितली, आणि दोन दिवसांनी अजून थोडी. "लवकर इकडे येऊन दाखवून जा," हेही सांगितलं. असं करत करत नेडीन पूर्वीच्या जवळजवळ दुप्पट इन्सुलिन घ्यायला लागली, तेव्हा कुठे साखर जरा खाली आली. रोज प्रत्येक जेवणाआधी ती सुई भरायची, रेघ बघायची आणि मान हलवायची. हे सगळं रॉईसच्या डोळ्यांदेखत चाललं होतं.

त्याला सांगायचं होतं. रोज सकाळी उठून ठरवायचा, तो म्हणाला. पण आता फ्रिजचं सांगायचं तर लोण्याचं सांगावं लागणार, फोनचं सांगावं लागणार, पाठीवरून फिरवलेल्या हाताचंही. पहिल्या दिवशी वाक्य एक होतं. आता त्याची लांबलचक कहाणी झाली होती, आणि दर दिवसाला ती वाढत होती.

मग त्याला एक वाट दिसली. नदीपलीकडच्या गावात औषधांचं दुकान होतं, त्यांच्या ओहायोतल्या दुकानाचीच शाखा, म्हणजे तिची चिठ्ठी त्यांच्या संगणकात होती. पाणी आणि गॅस भरून आणतो असं सांगून तो माझा पिकअप ट्रक घेऊन गेला.

"कुपी फुटली," त्याने खिडकीत सांगितलं.

"विम्याच्या हिशेबाने अजून वेळ आहे, काका. पैसे तुम्हालाच भरावे लागतील."

"भरतो."

"मात्रा तीच ना?"

"तीच," रॉईस म्हणाला.

दोन ताज्या कुप्या त्याने बर्फाच्या डब्यातून, मांडीवर घेऊन आणल्या. परत येताना गाडीत तो शीळ घालत होता. कित्येक दिवसांनी, तो म्हणाला. नेडीन फिरायला गेली होती. त्याने दारातल्या जुन्या कुप्या काढून त्यांच्या जागी नव्या ठेवल्या, आणि जुन्या कुप्यांची खोकी रिकामीच, नीट बंद करून मागे रचली, म्हणजे कप्पा भरलेला दिसेल. चालू कुपी तळाला आली होती. उद्या ती नवी उघडेल, साखर जागेवर येईल, ती पुन्हा हसेल, पॅनकेक खाईल, आणि कुणाला काही सांगायची गरजच पडणार नाही. एवढाच विचार त्याच्या डोक्यात होता. नवी कुपी पूर्ण ताकदीची आहे आणि बायको मात्रा दुप्पट घेते आहे, ही दोन वाक्यं त्याने एकत्र करून पाहिली नाहीत. दोन्ही त्याला ठाऊक होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिचं भांडं परत द्यायला गेले. रॉईस गाडीच्या मागे पाण्याची नळी जोडत होता. आत नेडीन टेबलाशी बसली होती, पुढ्यात अंड्याची बशी, न खाल्लेली. चेहरा पांढराफटक, केस घामाने कपाळाला चिकटलेले.

"बटाटे उतरत नाहीत," ती मला म्हणाली. "त्यांना सांग ना. आपलं गाव आलं म्हणावं."

"नेडीन? काय बोलतेयस?"

"तू कोण गं?" ती एकदम चिडली. "कुणी आत घेतलं तुला?"

मी रॉईसला हाक मारली. अशी मारली की पलीकडच्या गाड्यांतले लोक बाहेर आले. तो धावत आला आणि दारातच थबकला. तिच्याकडे बघितलं, मग टेबलावरच्या कुपीकडे, आणि त्याच्या तोंडून "अरे देवा, दुप्पट," एवढंच निघालं. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही.

साखर फार खाली गेली असणार म्हणून संत्र्याचा रस तिच्या तोंडाला लावला तर तिने हाताने उडवला. मग तिचे डोळे वर गेले आणि सगळं अंग ताठ होऊन झटके द्यायला लागलं. रॉईसने तिला खाली कुशीवर निजवलं, मधाच्या बाटलीत बोट बुडवून तिच्या गालाच्या आतून फिरवत राहिला, "नेडी, नेडी, ए नेडी," करत. ॲम्ब्युलन्स बोलावली, पण ती येणार नदीपलीकडून. आम्ही तिला माझ्या पिकअपच्या मागच्या सीटवर घातलं. मी चालवत होते, तो मागे तिचं डोकं मांडीवर घेऊन. अर्ध्या वाटेत समोरून ॲम्ब्युलन्सचे दिवे आले. रस्त्याच्या कडेलाच त्यांनी तिच्या हातात सुई घातली, साखरेचं पाणी चढवलं. जरा वेळाने ती डोळे उघडून म्हणाली, "माझ्या गालाला हे चिकट काय लागलंय?"

रॉईसने आपल्या सदऱ्याच्या बाहीने तिचा गाल पुसला.

दुपार उतरता उतरता ती हॉस्पिटलच्या खाटेवर उशीला टेकून बसली होती. जीभ चावली गेल्याने जरा बोबडी बोलत होती, पण शुद्धीवर होती. मी खुर्चीत, रॉईस खिडकीपाशी टोपी हातात घेऊन. डॉक्टर बालदेरास म्हणून एक तरुण बाई होत्या, शांत आणि मऊ बोलणाऱ्या.

"आज किती घेतलंत, टॉलिव्हर बाई?"

नेडीनने सांगितलं.

"आणि असं किती दिवसांपासून?"

"बरेच दिवस. तेवढ्यानेही साखर धड उतरत नव्हती."

"मग आज वेगळं काय झालं? जेवणाला उशीर? जास्त चालणं?"

"काहीच नाही." नेडीन आपल्या हातांकडे बघत होती. "रोजच्यासारखंच."

डॉक्टरांनी विचारलं, "डोळे कधी तपासलेत? सुईवरच्या रेघा बारीक असतात. चाळीस वर्षांची सवय असली तरी या वयात एखाद्या वेळी नजर चुकते. सुई भरायला दुसरं कुणी असावं. आणि दवाखान्यापासून इतक्या लांब राहण्याचाही विचार करा, असं मी म्हणेन."

"माझ्याच हातून झालं असणार," नेडीन म्हणाली. तिचा आवाज अगदी लहान झाला होता. "मलाच कळलं नाही. माफ कर रॉईस, तुझा जीव घाबरवला मी."

"तिच्या हातून नाही झालं," रॉईस म्हणाला.

तो खिडकीकडे बघूनच बोलला. मग वळला.

"डॉक्टर, तिची नजर चांगली आहे. तिने बरोबर भरलं. औषध खराब होतं, आधीचं. उन्हात उकडलेलं. मी गॅस लावायला विसरलो. म्हणून ते लागू पडत नव्हतं, म्हणून ती वाढवत गेली. आणि काल मी गुपचूप नवीन आणून ठेवलं. तिला न सांगता. ती बिचारी तेवढंच घेत राहिली."

डॉक्टरांनी एकदा दोघांकडे पाहिलं आणि "मी जरा वेळाने येते," म्हणून त्या गेल्या.

नेडीन पांघरुणाची कड दुमडत होती.

"लोरेनकडून आलो तेव्हा?" तिने विचारलं.

"हो."

"म्हणजे ते लोणी."

"हो."

"आणि ती नर्स फोनवर विचारत होती, तेव्हा तू समोर बसला होतास."

"हो."

"स्क्रू पिळत."

"हो, नेडी."

"मॅक्सिन," ती माझ्याकडे वळून म्हणाली, "याला बाहेर ने."

बाहेर व्हरांड्यात तो भिंतीला टेकून उभा राहिला आणि मला पहिल्यापासून सगळं सांगितलं, जे मी इथे सांगते आहे. शेवटी म्हणाला, "मला वाटलं, गुपचूप नीट करून टाकीन. तिला त्रासच नको."

"तिला त्रास नको?" मी म्हणाले. मला त्याची दया येत होती आणि रागही. "ती पंधरा दिवस काकडी खाऊन राहिली, रॉईस. त्रास तुला नको होता."

त्याने मान हलवली. "ते मला माहीत आहे गं. तू बोलतेयस त्याच्यापेक्षा जास्त माहीत आहे."

मी आत गेले तेव्हा नेडीन रडत नव्हती. मला वाटलं होतं, रडत असेल.

"फ्रिज कुणाचाही बंद पडतो," ती म्हणाली. "मी चिडले असते, दोन दिवस बोलले नसते, कदाचित कोरिनकडे गेलेही असते. मग आले असते परत. पण मला वाटत होतं की माझं शरीर माझ्यावर उलटलं. माझी सगळ्या जन्माची कमाई काय, तर एवढीच, की मी याला सांभाळलं. तीही गेली असं मला वाटत होतं, आणि तो बघत होता. वर सांत्वन करत होता. त्या पाठीवरच्या हाताचं मी काय करू, सांग."

मी तिच्या पांघरुणाची दुमडलेली कड सरळ केली.

दुसऱ्या दिवशी कोरिन विमानाने आली. उंच, वडिलांसारखी. तिने त्याला शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. ती फक्त म्हणाली, "बाबा, आईचे कपडे आणि चष्मा आणून द्या गाडीतून." त्याने घड्या घालून बॅग भरली, इतकी नीट की कोरिनला ती बंद करताना एक बाहीही आत ढकलावी लागली नाही. मायलेकी गेल्या.

तो तळावर थोडे दिवस राहिला. कुणाच्या गाडीचा पट्टा बदल, कुणाचं गळकं छत बुजव, अशी कामं मागून मागून करायचा. जेवायला बोलावलं तर यायचा नाही. मग एक दिवस सामान बांधून पूर्वेला निघाला. इतका लांबचा रस्ता त्याने याआधी एकट्याने कधी कापला नव्हता. ओहायोत पोचला तोवर तिकडे बर्फ पडायला लागलं होतं. कोरिनच्या अंगणात गाडी लावली आणि गाडीतच बसून राहिला. घरात कुणी बोलावलं नाही, त्यानेही दार वाजवलं नाही. कोरिन सकाळी कामाला जाताना पायरीवर कॉफी ठेवायची. संध्याकाळी तो धुतलेला पेला परत ठेवायचा. असं ख्रिसमस जवळ येईपर्यंत चाललं.

एका दुपारी गाडीच्या दारावर थाप पडली. नेडीन होती, कोरिनचा मोठा कोट पांघरून.

"या थंडीत बसलास तर निमोनिया होईल तुला," ती म्हणाली. "आणि मग लोक म्हणतील बायकोनेच मारलं. चल आत, सूप निवतंय."

रॉईस उठला आणि पायरीवरच रडायला लागला.

"रडू बिडू नकोस. माफ केलेलं नाही मी," ती म्हणाली. "सूपला ये म्हटलं फक्त."

हे मला तिनेच फोनवर सांगितलं. तिची साखर पहिल्यासारखी जागेवर होती, मात्राही जुनीच. नजर तपासून घेतली होती, अगदी स्वच्छ. हे शेवटचं तिने मला दोनदा सांगितलं.

पुढच्या हिवाळ्यात ते दोघं पुन्हा आले. मला खरं तर आशा नव्हती. आता औषध ती स्वतः मागवते, स्वतः आणते. फ्रिजला एक यंत्र लावलंय, आतली थंडी कमी झाली की ते कोकलतं. त्याने "सगळं ठीक आहे" म्हटलं की ती "हो का?" म्हणते आणि उठून स्वतः बघून येते. भांडण म्हणून नाही, वैताग म्हणूनही नाही. नुसती जाऊन बघते. रॉईस तेवढा वेळ जिथे असेल तिथे उभा राहतो, हातातलं काम थांबवून.

एका रविवारी पॅनकेकच्या पंगतीला नवीन आलेली दोन जोडपी होती. औषधांवरून गोष्टी निघाल्या, आणि नेडीनने तो किस्सा सांगायला घेतला. ती गाण्याची मास्तरीण, सांगावं तर तिनेच. "माझ्या नवऱ्याने मला कसं मारायचं ठरवलं माहितीये? विष नाही, बंदूक नाही. ताजं औषध!" बटाट्यांपर्यंत आली तेव्हा सगळे पोट धरून हसत होते. "आणि या मॅक्सिनला मी विचारलं, तू कोण गं?" मीही हसले. रॉईसही हसला. मग तो म्हणाला, "लाकडं आणतो," आणि गाड्यांच्या मागे गेला. लाकडं शेगडीजवळ ढीगभर पडली होती.

बराच वेळ झाला तरी आला नाही. मी उठायला लागले तर नेडीनने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बस. दर वेळी जातो तो."

"मग सांगतेस कशाला हा किस्सा?" मी हळूच विचारलं.

"नाही सांगितला तर माझ्या पोटात राहतो," ती म्हणाली. "आणि सांगितला तर त्याच्या. काय करू मग?"

तिने अजून एक पॅनकेक संपवला. नवीन जोडप्यांना मेक्सिकोतल्या दाताच्या डॉक्टरचं नाव सांगितलं. मग उठली, दोन पेल्यांत कॉफी ओतली, त्याच्या पेल्यात साखर घालून ढवळली, आणि पेले सांडू न देता सावकाश गाड्यांच्या मागे चालत गेली.